फायबरच्या बोटीचा रंग एका हंगामात सोलून निघतो : तळाला काय मारावं, बाजूंना काय?

येलदरीकाठ (जिंतूर)

मच्छीमार सोसायटीची फायबरची बोट आहे. लांबी १८ फूट, मधली रुंदी ५ फूट, बाजू २१ इंच उंच, मागची फळी ४ फूट, त्यावर ९.९ एचपीचं इंजिन. तळ जवळपास सपाट. हंगामात बोट रात्रंदिवस धरणाच्या पाण्यातच असते. पाणी उतरलं की काठावर ओढून ठेवतो.

मूळ जेलकोट (फायबरवरचा बाहेरचा गुळगुळीत थर) पांढरा आहे, आता हात फिरवला की बोटांना पांढरी पूड लागते. गेल्या वेळी वॉटर पेपर मारून त्यावर थेट निळ्या ऑइल पेंटचे दोन हात दिले होते. बाजूंवर रंग बरा टिकला, तळाचे मात्र वीतभर पापुद्रे निघाले. पापुद्र्याखाली वाटाण्याएवढे फोड दिसतात. एक-दोन फोडले तर आतून चिकट, आंबूस वासाचं पाणी आलं. इंजिनच्या बोल्टांभोवती जेलकोटला बारीक भेगा आहेत.

विचारायचं ते असं : तळाला आणि बाजूंना वेगळा रंग लागतो का? टू-पॅक पीयू (दोन डबे मिसळून मारायचा पॉलियुरेथेन) घ्यावा की साधा इनॅमल चालेल? माल किती लागेल? स्प्रेची सोय नाही, रोलर-ब्रशनंच करायचंय. आणि बोट बाहेर निघते ती एप्रिल-मेमध्येच, त्या उन्हात रंग मारावा का?

---

जेलकोट_वाळूज

भाऊ, रंगाचा डबा नंतर आणा, आधी तळ बघून घ्या. आंबूस वासाचं चिकट पाणी म्हणजे फोड रंगाचे नाहीत, जेलकोटचे आहेत. जेलकोट पूर्ण जलरोधक नसतो. त्यातून पाणी हळूहळू आत झिरपतं, राळेतले अर्धवट राहिलेले घटक त्यात विरघळतात, आणि तो घट्ट द्राव बाहेरचं आणखी पाणी ओढून घेतो. दाब वाढला की फोड. बाहेरचं पाणी जितकं गोडं तितका हा ओढा जास्त, म्हणून समुद्रातल्या बोटीपेक्षा धरणातल्या बोटीला हा त्रास लवकर होतो. यावर कितीही भारी रंग मारा, खालून फोड येणारच.

प्रत्येक फोड उघडावा लागेल. ड्रिलला काउंटरसिंक (शंकूच्या आकाराचं) बिट लावा आणि कडा उतरत्या ठेवून, चांगलं कडक फायबर लागेपर्यंत उथळ खड्डा करा. मग गरम पाण्यानं आणि ताठ ब्रशनं धुवा. एकदा धुऊन भागत नाही, चार-पाच दिवस रोज धुवायचं. आतला द्राव पाण्यात विरघळतो, थिनरनं तो निघत नाही. इथं थिनर ओतून मोकळं होणारे कारागीर बरेच दिसतात, आणि त्याच जागी फोड पुन्हा येतात.

त्यानंतर सुकवणं. या बाबतीत मराठवाड्याचा उन्हाळा तुमच्या बाजूचा आहे, कोकणात याच कामाला महिने घालवावे लागतात. बोट उलटी करून जुन्या ट्रकच्या टायरांवर ठेवा, खालून हवा खेळू द्या. दोन-तीन आठवड्यांनी फूटभर चौरस पारदर्शक प्लास्टिक तळावर चारी बाजूंनी टेपनं हवाबंद चिकटवा आणि एक दिवस एक रात्र राहू द्या. सकाळी प्लास्टिकच्या आतून बाष्प धरलेलं दिसलं तर फायबर अजून ओलं आहे. तीन-चार जागी तपासा, मागच्या फळीजवळ तर नक्कीच.

खड्डे भरायला गॅरेजमधली पत्र्याची पुट्टी वापरू नका. ती पॉलिस्टरची असते, तिच्यातली टाल्क पावडर पाणी धरते, आणि पाण्याखाली ती वर्षभरात फुगते. एपॉक्सी रेझिनमध्ये एरोसिल (बारीक सिलिका) पावडर घालून लोण्याइतकं घट्ट करा, खड्ड्यात आधी नुसत्या रेझिनचा पातळ हात फिरवा आणि वरून हे भरा. भरताना जरा वर ठेवा, घासून सपाट करता येतं.

इंजिनजवळच्या भेगांचं प्रकरण वेगळं. फळीच्या आत बहुतेक प्लायवूड असतं. बोल्ट काढा आणि भोकाभोवती रुपयाच्या नाण्यानं ठोकत जा. टणक, कोरडा आवाज आला तर ठीक. भद्द आवाज आला किंवा भोकातून तपकिरी पाणी ओघळलं, तर आतलं प्लाय कुजलंय, ते काम रंगानं झाकायचं नाही. प्लाय चांगलं असेल तर भोक ४-५ मिमी मोठं करा, आतून एपॉक्सीनं पूर्ण भरा, आणि कडक झाल्यावर त्यातच बोल्टाच्या मापाचं नवं भोक पाडा. मग प्लायला पाण्याचा स्पर्शच होत नाही. भेगांना नुसता रंग दिला तर महिन्यात त्या वर उमटतात. तिकोनी पातं घेऊन भेग व्हीच्या आकारात उघडा आणि मगच भरा. पंख्यासारख्या पसरलेल्या भेगा दिसल्या तर तो भाग इंजिनच्या जोरानं वाकतोय असं समजा. आतून ४५० ग्रॅमच्या (चौ. मीटरला) काचधाग्याच्या मॅटचे दोन थर चढवल्याशिवाय त्या थांबणार नाहीत.

---

रंगपाणी_लातूर

वरचं सगळं झालं असं धरून रंगाचं सांगतो.

तळाला वेगळा आणि बाजूंना वेगळा, हे नक्की. साधा ऑइल पेंट म्हणजे अल्कीड इनॅमल. तो हवेत सुकायला बनवलेला आहे, सतत पाण्यात राहिला की मऊ पडतो आणि पकड सोडतो. तुमच्या बाजू टिकल्या आणि तळ सुटला तो त्यामुळंच. बाजूंना मारतात तो टू-पॅक पीयूसुद्धा सहसा कायम बुडून राहण्यासाठी नसतो. पाण्याखाली त्यालाही फोड येतात. पाण्याखाली टू-पॅक एपॉक्सीच. एपॉक्सीचा दोष एवढाच की उन्हानं त्याची चमक जाते आणि पूड सुटते, म्हणून उन्हात दिसणाऱ्या भागावर वरून पीयू लागतो. पीयू घेताना हार्डनर अ‍ॅलिफॅटिक आहे का ते डब्यावर किंवा माहितीपत्रकात बघा. अ‍ॅरोमॅटिक हार्डनरचा पांढरा रंग एका उन्हाळ्यात पिवळा पडतो.

दोन्हींची हद्द कुठं ठेवायची, इथं लोक चुकतात. रिकाम्या बोटीची पाण्याची रेघ धरू नका. जाळी, बर्फाची पेटी, इंजिन, टाकी आणि माणसं चढवून बोट जिथपर्यंत बुडते तिथं खूण करा आणि तिच्या ३ इंच वर एपॉक्सीची हद्द ठेवा. तुमच्या मापात तळाच्या कडेपासून साधारण १ फूट येईल.

आता मालाचा हिशेब. तळ १८ × ५ = ९०, पुढं निमुळता आहे म्हणून त्याला ०.८५ नं गुणा, ७६ चौ. फूट. दोन्ही बाजूंचा खालचा फूटभर पट्टा ३६, मागच्या फळीचा ४. एकूण ११६ चौ. फूट, म्हणजे १०.८ चौ. मीटर एपॉक्सीखाली. एक लिटर रंग किती पुरतो त्याचं सूत्र : डब्यावरचं घनपदार्थाचं टक्केवारी प्रमाण गुणिले १०, भागिले सुकलेल्या थराची जाडी मायक्रॉनमध्ये (मिलिमीटरचा हजारावा भाग). वजनाचं नाही, आकारमानाचं प्रमाण घ्यायचं. ६० टक्के घन असलेला एपॉक्सी १०० मायक्रॉनला ६ चौ. मीटर पुरतो. पाणी अडवायला एकूण ३०० मायक्रॉन हवेत, म्हणजे तीन हात : ५.४ लिटर. रोलर, ट्रे, कडा यांत जाणारा २० टक्के धरा, साडेसहा लिटर. वरच्या पट्ट्याला अस्तर म्हणून याच एपॉक्सीचा एक हात द्यायचाय, त्यासह ७ लिटर, बेस आणि हार्डनर मिळून.

वरचा पट्टा आणि कड मिळून जेमतेम ३.२ चौ. मीटर. पीयू ५० टक्के घन, ५० मायक्रॉनचे दोन हात : एक लिटरचा सेट पुरून उरेल. आतला भाग सुमारे १५० चौ. फूट आहे, तिथं पैसे वाचवा, घासलेल्या जेलकोटवर फिकट करड्या इनॅमलचे दोन हात, ३ लिटर. फक्त तळात जिथं पाणी साचून राहतं तिथं इनॅमल नको, एपॉक्सी द्या.

तीन हात एकाच रंगाचे मारू नका. पहिला करडा, दुसरा पांढरा, तिसरा पुन्हा करडा. कुठं सुटलं ते लगेच दिसतं, आणि पुढं झीज झाली की किती थर गेले तेही कळतं. वरून गडद निळा टाळा. गडद रंगाचं फायबर उन्हात पांढऱ्यापेक्षा कितीतरी जास्त तापतं, आतल्या मॅटची वीण वर उमटते आणि राहिलेले फोडही लवकर वर येतात.

शेवाळ लागू नये म्हणून मिळणारा तांब्याचा समुद्री रंग आपल्याकडं नको. शंख-शिंपले चिकटायचा प्रश्न धरणात नाही, हिरवा बुळबुळीत थर येतो तो खराट्यानं निघतो. आणि हेच पाणी पुढं गावोगावच्या नळाला जातं.

---

येलदरीकाठ (जिंतूर)

खूप कामाचं आहे, दादा. आणखी थोडं विचारतो.

जुना निळा रंग बाजूंवर घट्ट बसलाय, तो ठेवून वरून पीयू चालेल का? दुकानदार म्हणतो पीयूत एनसी (साधा लॅकरचा) थिनर घातला तरी काही होत नाही, खरं का? साखर कारखान्यात काम करणारे एक काका म्हणतात, तळाला कोलतार (डांबर मिसळलेला) एपॉक्सी मारा, निम्म्या पैशात होईल. सोसायटीतल्या बाकीच्यांना हे पटलंय.

---

रंगपाणी_लातूर

जुना निळा काढावाच लागेल. खात्री करायची तर पीयू थिनरमध्ये भिजवलेली चिंधी त्यावर १० मिनिटं दाबून धरा. रंग मऊ झाला किंवा सुरकुतला तर टू-पॅकच्या थिनरनं तो असाच उचलला जाणार. इनॅमलचं हेच होतं. काढताना बाजारातलं पेंट रिमूव्हर वापरू नका, ते जेलकोटही खातं. पातं आणि ८० नंबरचा कागद, एवढंच.

एनसी थिनर पीयूत चालत नाही. त्यात अल्कोहोल असतं, थोडंफार पाणीही असतं. पीयूचा हार्डनर रंगाशी जुळण्याआधी त्यांच्याशीच जुळतो आणि संपतो. रंग वरून सुकल्यासारखा दिसतो, पण आठवडाभरानंही नखाचा वण उठतो आणि चमक मरते. डबा ज्या कंपनीचा त्याच कंपनीचा पीयू थिनर घ्या; एपॉक्सीचा थिनर पुन्हा वेगळा. हत्यारं धुवायला मात्र एनसी खुशाल वापरा, स्वस्त पडतो.

कोलतार एपॉक्सी पाण्याखाली टिकतो, काकांचं तेवढं खरं आहे. पण त्यावर पुढं कधीच फिकट रंग बसत नाही, डांबर वर झिरपून तपकिरी डाग येतात. घासून पूर्ण काढणं जवळपास अशक्य. काळा तळ काठावर उलटा पडला की तापतो तो वेगळाच. शिवाय डांबरातले घातक घटक पिण्याच्या आणि मासळीच्या पाण्यात नेण्यात अर्थ नाही. नको.

---

गोदाकाठ_नांदेड

एपॉक्सीबद्दल वाद नाही, पण पीयूबद्दल माझं मत वेगळं आहे. ही जाळ्याची बोट आहे, मिरवायची नाही. बाजूंवर दिवसभर जाळी आणि साखळी घासते. टू-पॅक पीयूला ओरखडा पडला की दुरुस्तीला पुन्हा सेट उघडा, मापं घ्या, मिसळा. अर्धा कप लागतो आणि उरलेला फेकावा लागतो. एपॉक्सी अस्तरावर चांगल्या कंपनीचा एक-डब्याचा पीयू इनॅमल मारा. तीन वर्षांऐवजी दीड-दोन वर्षं टिकेल, पण कुणीही पोरगा ब्रश घेऊन डागडुजी करू शकतो. वरचा पट्टा कधीच बुडत नाही म्हटल्यावर हे चालतं.

आणि एक गोष्ट कुणी बोललं नाही. तळाच्या मध्यरेषेवर आणि पुढच्या टोकाखाली रंग टिकणारच नाही, कोणताही आणा. बोट मुरमावरून ओढली जाते तिथं ३०० मायक्रॉन चार खेपांत जातात. तिथं रंगाआधी ४५० ग्रॅम मॅटची ४ इंच रुंद पट्टी, दोन थर, चढवा. त्यावर एचडीपीईची (कडक प्लास्टिकची) पट्टी स्क्रूनं बसवली तर आणखी उत्तम; स्क्रूची भोकं मागच्या फळीच्या बोल्टांच्या भोकांसारखीच एपॉक्सीनं भरून घ्या. झिजली की पट्टी बदलायची, तळाला हात लावायचा नाही.

पट्टी पॉलिस्टर रेझिननं करायची असेल तर ती एपॉक्सीच्या आधी, घासलेल्या फायबरवर. मॅटच्या वजनाच्या दोन ते अडीच पट रेझिन धरा. एपॉक्सीवर पॉलिस्टर नीट धरत नाही. पॉलिस्टरवर एपॉक्सी धरतो. म्हणूनच एपॉक्सीनं भरलेल्या जागेवर नंतर जेलकोट लावून घेऊ असा विचारही करू नका.

---

जेलकोट_वाळूज

नांदेडकरांच्या पट्टीला माझं अनुमोदन. फक्त रेझिन घेताना एक ताकीद. आपल्याकडं कोबाल्ट (रेझिन लवकर घट्ट करणारं द्रावण) आणि हार्डनर म्हणजे एमईकेपी, दोन्ही सुट्या बाटल्यांत देतात. हे दोन्ही कधीही थेट एकमेकांत मिसळायचे नाहीत, भडका उडतो, स्फोटही होऊ शकतो. आधी रेझिनमध्ये कोबाल्ट घालून नीट ढवळा, मग हार्डनर. दोघांची मापं घ्यायला एकच झाकण वापरू नका. ३५ अंशांपुढच्या हवेत हार्डनर १ टक्क्याच्या आसपास ठेवा, म्हणजे एक किलो रेझिनला १० ग्रॅम. हिवाळ्यातल्या सवयीनं २ टक्के घातला तर रेझिन मग्यातच तापून दगड होतं. हार्डनर डोळ्यात गेला तर दृष्टी जाऊ शकते. चष्मा लावा, पाण्याची बादली शेजारी भरून ठेवा. डोळ्यात उडालाच तर लगेच पंधरा मिनिटं तरी पाण्यानं धुवा आणि दवाखाना गाठा.

---

रंगपाणी_लातूर

नांदेडकरांचं इनॅमलचं म्हणणं सोसायटीच्या बोटीला लागू पडतं, मान्य. दोन्हींत मारायची पद्धत तीच, म्हणून आता उन्हाचं आणि हाताचं सांगतो.

बहुतेक रंगांच्या माहितीपत्रकात १० ते ३५ अंश आणि ८५ टक्क्यांच्या आत दमटपणा असं लिहिलेलं असतं. यात पृष्ठभागाचं तापमान महत्त्वाचं, हवेचं नंतर. मेमध्ये दुपारी ४२ अंश हवेत उन्हातलं फायबर हाताला चटका देतं. तिथं रोलर फिरवला की थिनर लगेच उडतो, रंग पसरायच्या आत आवळतो. मग रोलरचे दाणे तसेच राहतात, जोडाच्या रेघा दिसतात, आणि वर साय धरून आत अडकलेला थिनर बाहेर पडताना टाचणीएवढी भोकं पाडतो. पत्र्याच्या शेडमध्ये दुपारी आणखी वाईट. शेड हवंच असेल तर वर गवताचा किंवा शेडनेटचा थर टाका. मेमध्ये काम पहाटे साडेपाचला सुरू करून साडेआठला बंद. हाताचा तळवा फायबरवर निवांत टेकत नसेल तर रंग उघडायचाच नाही. संध्याकाळी मारू नका, दिवसभराचं ऊन फायबरमध्ये मुरलेलं असतं आणि वळवाच्या धुळीचा भरवसा नसतो.

निवड असेल तर रंग फेब्रुवारी-मार्चमध्ये मारा. बोट तेव्हा निघत नाही म्हणताय, तर मेची पहाट. डिसेंबर-जानेवारीत उलटा त्रास, दव. पृष्ठभाग दवबिंदूपेक्षा किमान ३ अंश गरम हवा. २५ अंश हवा आणि ८० टक्के दमटपणा असताना दवबिंदू २१ च्या आसपास येतो, आणि उघड्यावरचं फायबर पहाटे तेवढं सहज गार होतं. तेव्हा १० ते ३ मध्येच काम. ओल्या पीयूवर संध्याकाळी दव पडलं की पांढरट धूसर थर येतो, तो पुसून जात नाही, घासावाच लागतो.

आता क्रम. घासण्याआधी धुणं. नव्या-जुन्या कुठल्याही फायबरवर साच्याचं मेण, पॉलिशचं सिलिकॉन, इंजिनचं तेल असतं. आधी घासलं तर कागद तेच खोल चोळतो. साबणानं धुवा, मग दोन स्वच्छ पांढऱ्या चिंध्या : एक थिनरमध्ये भिजवलेली, दुसरी कोरडी. ओल्यानं पुसायचं, सुकायच्या आत कोरड्यानं टिपायचं, आणि चिंधी सतत उलटायची. मग वर पाणी शिंपडा. पाणी सलग पसरून राहिलं तर मेण गेलं. थेंब-थेंब फुटून वेगळं झालं तर पुन्हा पुसा. ही पायरी गाळली की रंगात गोल गोल खळगे उमटतात, मध्ये खालचा रंग दिसतो. त्यावर आणखी रंग ओतून ते कधीच बुजत नाहीत.

तळाला ८० नंबर, बाजूंना १८० ते २२०. चमकणारा एकही ठिपका राहायला नको. धूळ झाडून पुन्हा थिनरनं पुसा.

एपॉक्सी : दोन्ही भाग डब्यावर लिहिलेल्या प्रमाणातच. ४:१ आकारमानाचं आहे की वजनाचं ते वाचा. 'लवकर सुकावं' म्हणून हार्डनर जास्त घातला तर तो जास्तीचा भाग कच्चाच राहतो. एका वेळी अर्धा ते पाऊण लिटर मिसळा, मग्यात न ठेवता उथळ ट्रेमध्ये ओता. मग्यात साठलेला एपॉक्सी स्वतःच्या उष्णतेनं तापतो आणि मेमध्ये वीस-पंचवीस मिनिटांतच घट्ट होऊ शकतो. काही एपॉक्सी मिसळल्यावर १५-२० मिनिटं मुरू द्यावे लागतात, ते डब्यावर असतं. पहिल्या हातात ५ ते १० टक्के एपॉक्सी थिनर, पुढच्या दोनांत शक्यतो नाही. १०० मायक्रॉन सुका थर हवा तर ओला १६५ च्या आसपास. जाडी मोजायचा फणीसारखा गेज हार्डवेअरमध्ये मिळतो, स्वस्त आहे, घ्याच.

दुसरा हात कधी? अंगठा टेकवला की ठसा उठतो पण रंग बोटाला येत नाही, तेव्हा. त्या अवस्थेत दोन थर एकमेकांशी रसायनानं जुळतात. ती वेळ हुकली आणि थर कडक झाला तर आधी साध्या पाण्यानं आणि हिरव्या काथ्यानं धुवा. काही एपॉक्सींवर दमट हवेत तेलकट पातळ थर येतो. तो न धुता घासला की कागद भरतो आणि पुढचा हात सुटतो. धुऊन मग २२० नं घासा.

वरचा रंग : ४ इंची बारीक फोमचा रोलर, थिनरमध्ये विरघळणारा नाही याची खात्री करून. चांगला मऊ ३ इंची ब्रश. दोन माणसं लागतात. एक रोलरनं दोन फूट रुंदीचा पट्टा पातळ मारतो, आधी उभा, मग आडवा. दुसरा लगेच मागून कोरड्या ब्रशचं टोक अगदी हलक्या हातानं एकाच दिशेनं ओढतो, ओल्या कडेकडं. ब्रश दाबायचा नाही, फक्त बुडबुडे मोडायचे. एकदा ओढलं की परत जायचं नाही. पाच मिनिटांनी दिसलेला डाग तसाच ठेवा, उद्या घासता येईल. मेमध्ये ओली कड टिकत नसेल तर स्लो (उशिरा उडणारा) थिनर मागा, ५ टक्क्यांपर्यंत. ओघळ आले तर थर जाड होतोय, दाणे राहिले तर थिनर कमी किंवा पृष्ठभाग गरम. पहिला हात दुसऱ्या दिवशी ३२० च्या वॉटर पेपरनं घासून, पुसून दुसरा हात. आदल्या संध्याकाळी खालची जमीन ओली करून धूळ बसवा, रंग मारताना नाही.

आधी फळीच्या कोपऱ्यात हातभर जागेवर सगळा क्रम करून बघा. आठवडाभरानं ब्लेडनं ३ मिमी अंतरावर सहा उभ्या, सहा आडव्या रेघा पाडा, चिकटपट्टी दाबून झटक्यात ओढा. चौकोन निघून आले तर धुण्यात किंवा घासण्यात कसर आहे, बाकी बोटीला रंग लावू नका.

---

फवारा_जालना

तुम्हाला स्प्रेची सोय नाही हे बरंच आहे. कुणी गॅरेजवाला कमी पैशात मारून देतो म्हणाला तरी टू-पॅक पीयू उघड्यावर स्प्रे करू देऊ नका. त्याच्या हार्डनरमधला आयसोसायनेट बारीक कणांतून फुफ्फुसात जातो आणि एकदा त्याची अ‍ॅलर्जी बसली की पुढं अगदी थोड्या वासानंही दमा उठतो. तोंडाला बांधलेला रुमाल किंवा उपरणं त्याला अडवत नाही. रोलरनं मारतानाही ऑरगॅनिक व्हेपर काडतुसांचा मास्क आणि नायट्राइल हातमोजे वापरा. घासताना पूर्ण बाह्या, गॉगल, धुळीचा मास्क. फायबरची कूस अंगात शिरली तर आधी गार पाण्यानं धुवा, चोळू नका. जमेल तिथं पाणी घेऊन घासा. निघालेला चिखल आणि जुन्या रंगाचे पापुद्रे ताडपत्रीवर गोळा करा, धरणात वाहू देऊ नका. थिनरच्या चिंध्यांजवळ बिडी-काडी नको.

---

येलदरीकाठ (जिंतूर)

ठरलं : तळाला एपॉक्सीचे तीन हात, वर एक-डब्याचा पीयू इनॅमल, मध्यरेषेला पट्टी. शेवटचं दोनच. आत उभं राहून जाळं ओढताना पाय घसरतो, त्याला काय? आणि रंग झाल्यावर पाण्यात कधी टाकायची?

---

गोदाकाठ_नांदेड

घसरण्याला वाळू. बारीक वाळू धुऊन, कडक वाळवून, मैद्याच्या चाळणीनं चाळा. न धुतलेल्या वाळूतली माती रंगाची पकड सोडवते. आतल्या इनॅमलचा पहिला हात ओला असतानाच मुठीनं वरून सारखी भुरभुरा, भरपूर. दुसऱ्या दिवशी सुटी वाळू झाडून घ्या आणि वरून दुसरा हात रोलरनं. ज्यावर गुडघे टेकता त्या जागी वाळू नको, कातडी सोलते. फळीच्या आतल्या बाजूलाही नको, इंजिन काढता-घालताना हात घासतात.

पाण्यात टाकायची घाई करू नका. हाताला कोरडा लागणं वेगळं आणि आतून पक्का होणं वेगळं. शेवटच्या हातानंतर एपॉक्सीला किमान ७ दिवस, तेही २५ अंशांच्या वर. हिवाळ्यात १० ते १२ धरा. इनॅमललाही तेवढाच वेळ द्या, नाहीतर टायरांवर टेकलेल्या जागी छाप उठतात. त्यासाठी टायरावर जुनी सतरंजी टाका, प्लास्टिक नको, ते ओल्या रंगाला चिकटतं.

बोट सरळ करायच्या आधी कडेवर जिथं टायर आणि ठोकळे होते तिथले डाग बघा. त्या जागांना तिन्ही हात वेगळे द्यावे लागतात. दुसऱ्या दिवशी टायर हातभर सरकवून ते पूर्ण करा, मग सात दिवस मोजायला सुरुवात.